घरच्या पवनचक्कीला चार्ज कंट्रोलर निवडताना: आधी सांडवा, मग बॅटरी

घरी पवनचक्की बनवणाऱ्याचा सगळा जीव पात्यांत आणि कॉइलींत अडकलेला असतो. लाकूड तासून पाती काढायची, तबकडीवर मॅग्नेट बसवायचे, कॉइली गुंडाळून रेझिनमध्ये ओतायच्या, यात सहा-आठ महिने सहज जातात. चार्ज कंट्रोलरची, म्हणजे बॅटरी जास्त भरू न देणाऱ्या पेटीची, आठवण होते ती मनोरा उभा राहिल्यावर. मग माणूस बाजारात जातो आणि समोर दिसेल तो सोलरचा कंट्रोलर घेऊन येतो. मीही तेच केलं होतं.

माझं शेतघर पाटण तालुक्यात, सडावाघापूरच्या बाजूच्या पठारावर आहे. पावसाळ्यात कड्यावरून पडणारं पाणी वारा उलटं वर फेकतो ते बघायला लोक येतात, त्याच वाऱ्याच्या वाटेत. चक्की लावली त्या वर्षीच्या जुलैत एका रात्री तीनच्या सुमाराला बॅटरी तुडुंब भरली. सोलरच्या कंट्रोलरनं त्याला नेमून दिलेलं काम केलं: बॅटरी भरली, वाट बंद. चक्कीवरचा भार एका क्षणात उतरला. झोपेत सवयीची झालेली घरघर चढत चढत शिट्टीसारखी झाली. विजेरी घेऊन बाहेर येईपर्यंत कंट्रोलरच्या पेटीतून जळक्या प्लॅस्टिकचा वास यायला लागला होता, आणि पात्याचा हातभर तुकडा गोठ्याच्या पत्र्यातून आरपार गेला होता. आत दोन म्हशी बांधलेल्या होत्या. त्या वाचल्या. दुसऱ्या कुणाच्या गोठ्यावर, किंवा घरावर, अशी वेळ येऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

१. सोलर आणि वारा यांतला फरक आधी मनात पक्का करा

सोलर पॅनेल म्हणजे नळ. बॅटरी भरली की तोटी बंद करा, पॅनेल उन्हात गप्प पडून राहतं, त्याचं काही बिघडत नाही. पवनचक्की म्हणजे ओढा. त्याला बांध घातला तर पाणी थांबत नाही, चढत जातं आणि बांध फोडतं. चक्कीतून वीज ओढली जात असते, तोच तिचा लगाम असतो. वीज ओढणं थांबलं की लगाम सुटला.

चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या मोठ्या पवनचक्क्या जोरदार वाऱ्यात पाती वळवून घेतात, ब्रेक लावतात. आपल्या घरच्या चक्कीला यातलं काही नसतं. फार तर शेपूट दुमडून ती वाऱ्याला तिरकी होते. म्हणून आपल्याला धरणासारखा सांडवा लागतो. कोयना भरत आली की सहा वक्री दरवाजे उचलतात आणि जादा पाणी नदीत सोडतात, येणारं पाणी कुणी अडवत नाही. बॅटरी भरल्यावर जादा वीज एका रेझिस्टरमध्ये वळवून तिची उष्णता करून टाकायची, हे पवनचक्कीच्या कंट्रोलरचं खरं काम. बाजारात याला डम्प लोड किंवा डायव्हर्जन लोड म्हणतात. मी इथे सांडवाच म्हणणार आहे.

२. कागद आणि हत्यारं गोळा करा

- बॅटरीचं माहितीपत्रक. चार्जिंगचा व्होल्टेज आणि जास्तीत जास्त करंट त्यात असतो, दुकानदाराच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.
- कंट्रोलरचं मॅन्युअल, विकत घेण्याआधी वाचायला.
- मल्टिमीटर आणि डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर. स्वस्तातला क्लॅम्प मीटर बहुतेक वेळा फक्त एसी करंट मोजतो. बॅटरीच्या तारेवर तो शून्य दाखवतो आणि माणूस सगळं ठीक आहे असं समजून बसतो.
- तांब्याचे लग (तारेच्या टोकाला बसवायच्या टोप्या), ते दाबायचं क्रिंपिंगचं हत्यार, इन्सुलेटेड पाने.
- डीसी एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच. घरातला एसीचा एमसीबी चालत नाही. डीसीमध्ये ठिणगी विझत नाही, तो आतून जळतो.

३. तुमच्या चक्कीचे आकडे स्वतः काढा

कंट्रोलर निवडायला दोन आकडे लागतात: जास्तीत जास्त वॅट, आणि मोकाट सुटल्यावरचा व्होल्टेज.

पहिला आकडा. माझ्या चक्कीचा व्यास २ मीटर, म्हणजे पात्यांनी झाडलेलं क्षेत्र ३.१४ चौरस मीटर. पठाराच्या उंचीवर हवा थोडी विरळ, घनमीटरला सुमारे १.१ किलो. वाऱ्यातल्या एकूण शक्तीपैकी घरच्या चक्कीतून चौथा हिस्सा तारेत उतरला तरी चांगलं काम झालं म्हणायचं. या हिशेबानं सेकंदाला ६ मीटर वाऱ्यात ९० वॅटच्या आसपास मिळतात आणि १२ मीटर वाऱ्यात ७५० च्या आसपास. वारा दुप्पट, वीज आठपट. माझी शेपूट ११ मीटरला दुमडते, म्हणून मी ६०० वॅट धरतो.

इथे बरेच जण फसतात. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे नकाशे बघून किंवा स्वतः मोजून ते सरासरी वारा काढतात आणि त्यावर कंट्रोलर घेतात. सरासरी वाऱ्यावरून महिन्याला किती युनिट मिळतील ते काढा. कंट्रोलर घ्यायचा तो आषाढातल्या सगळ्यात वाईट झोताच्या मापानं.

दुसरा आकडा. तारा कशालाही न जोडता अल्टरनेटर (मॅग्नेट-कॉइलींचा वीज करणारा भाग) हातानं सेकंदाला बरोबर एक फेरा या गतीनं फिरवा आणि तीनपैकी कुठल्याही दोन तारांवर एसी व्होल्ट बघा. घड्याळ समोर ठेवा, दुसऱ्या कुणाला तरी मोजायला बसवा. माझ्या मीटरवर ५.७ आले. १.४ नं गुणलं की डीसी झालं, ८ व्होल्ट. म्हणजे मिनिटाला ६० फेऱ्यांना ८ आणि १८० फेऱ्यांना २४ व्होल्ट. २४ व्होल्टची बॅटरी त्या गतीला भरायला लागते, आणि २ मीटर व्यासाला साधारण ३ मीटरच्या वाऱ्यात ती गती येते. इथवर उत्तम. पण १२ मीटर वाऱ्यात भार सुटला तर हीच चक्की मिनिटाला १३०० फेऱ्यांच्या घरात जाऊ शकते. तिथे व्होल्टेज होतो १७० च्या वर. २४ व्होल्टच्या यंत्रातून १७०! सोलरच्या पुष्कळ कंट्रोलरांची सहनशक्ती १०० किंवा १५० व्होल्टला संपते. माझा का जळला ते हा हिशेब मांडल्यावर मला कळलं.

४. बॅटरी ठरवा, कारण कंट्रोलर तिच्या मापाचा असतो

१२ व्होल्टच्या मोहात पडू नका. मनोऱ्यापासून घर ४० मीटरवर असेल, तार १० चौरस मिलिमीटर तांब्याची असेल आणि करंट २० अँपिअर असेल, तर जाऊन-येऊन ८० मीटर तारेत २.८ व्होल्ट खर्ची पडतात. २४ व्होल्टवर हे नुकसान बारा टक्क्यांच्या जवळ जातं. तेवढेच वॅट १२ व्होल्टवर आणायचे तर करंट दुप्पट आणि तारेतली नासाडी चौपट. घर जवळ असेल तर २४, लांब असेल तर ४८.

शिसे-आम्लाच्या ट्युब्युलर बॅटऱ्या नवशिक्याला सोयीच्या. थोडं कमी-जास्त सोसतात आणि घरच्या इन्व्हर्टरच्या असल्यानं तालुक्याच्या गावी मिळतात. चार्जिंगचा करंट क्षमतेच्या १० ते १५ टक्क्यांत ठेवा. ६०० वॅट म्हणजे २४ व्होल्टच्या बँकेत सुमारे २३ अँपिअर, म्हणून १५० ऐवजी २०० अँपिअर-तासाची जोडी घेतलेली बरी.

लिथियमबद्दल स्पष्ट सांगतो. लिथियम बॅटरीच्या आत बीएमएस, म्हणजे सेलांवर नजर ठेवणारं सर्किट, असतो आणि एखादा सेल वर गेला की तो बॅटरीच तोडून टाकतो. चक्कीच्या दृष्टीनं हा भार सुटण्याचाच प्रकार, तोही न सांगता. पहिल्या चक्कीला लिथियम जोडू नका. जोडायचीच असेल तर सांडवा बीएमएसच्या तोडण्याच्या बराच खाली उघडला पाहिजे, आणि बॅटरी तुटली तरी चक्की आवरेल अशी वेगळी सोय पाहिजे.

५. कंट्रोलरचा प्रकार निवडा

डायव्हर्जन कंट्रोलर. माझा कौल याला. हा चक्की आणि बॅटरी यांच्या मध्ये बसत नाही. चक्की रेक्टिफायरमार्गे (एसीची डीसी करणारा भाग) थेट बॅटरीला जोडलेली असते आणि हा बॅटरीकडे नजर ठेवून बाजूला बसतो. व्होल्टेज ठरलेल्या रेषेवर आला की सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करून लागेल तेवढीच वीज सांडव्यात सोडतो. मॉर्निंगस्टारच्या ट्रायस्टार मालिकेतला पीडब्ल्यूएम (असाच उघडझाप करणारा) कंट्रोलर या पद्धतीवर लावता येतो, ४५ आणि ६० अँपिअरमध्ये येतो, १२, २४, ४८ तिन्हीवर चालतो. मात्र त्याच नावाचा एमपीपीटी (जास्तीत जास्त वीज काढायला व्होल्टेज जुळवत राहणारा) वेगळा, तो सोलरचा आहे. नाव सारखं बघून ऑर्डर करू नका. दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा घ्या, पण मॅन्युअलमध्ये 'डायव्हर्जन' हा शब्द आणि त्याची जोडणीची आकृती दिसलीच पाहिजे.

रिलेचा साधा कंट्रोलर. व्होल्टेज बघणारी एक पट्टी आणि एक रिले. २८.८ ला सांडवा पूर्ण उघडतो, २७ च्या खाली गेला की बंद. स्वस्त आणि दुरुस्त करायला सोपा, पण बॅटरीला सतत वर-खाली करतो. रिलेचे संपर्क डीसीवर चिकटतात. त्याऐवजी सॉलिड स्टेट रिले घेत असाल तर डीसीचाच घ्या, एसीचा डीसीवर एकदा चालू झाला की बंदच होत नाही. मी हा प्रकार राखीव म्हणून ठेवतो: मुख्य कंट्रोलरपेक्षा एक व्होल्ट वर लावलेला दुसरा सांडवा, त्याचे स्वतःचे रेझिस्टर. तो वर्षात एकदाही उघडला नाही तरी त्याचा खर्च मला वाया वाटत नाही.

वारा-सोलर हायब्रिड पेटी. ऑनलाइन सगळ्यात जास्त दिसते ती ही. घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: बॅटरी भरल्यावर ही काय करते? काही पेट्यांत सांडवा जोडायला जागा असते. पुष्कळ पेट्या चक्कीच्या तिन्ही तारा आपसांत जोडून तिला जागच्या जागी थांबवतात. जोराच्या वाऱ्यात असा झटका बसला की पात्यांची मुळं आणि कॉइली दोन्हींना इजा होते. विक्रेत्याला नीट उत्तर देता आलं नाही तर तिथून घेऊ नका, आणि पेटीवर छापलेल्या वॅटांचा निम्माच भरवसा धरा.

वाऱ्याचा एमपीपीटी. मिडनाइट कंपनीच्या क्लासिकमध्ये वाऱ्याची सोय आहे, त्यासोबत व्होल्टेज आवरणारा 'क्लिपर' लावतात. वीज जास्त मिळते. पण चक्कीचा आलेख, म्हणजे कुठल्या व्होल्टेजला किती वीज ओढायची ते, स्वतः मोजून भरावा लागतो. हे दुसऱ्या-तिसऱ्या चक्कीचं काम आहे.

६. सांडवा मोजून बांधा

चक्कीच्या कमाल वॅटांपेक्षा निदान २५ टक्के जास्त. माझे ६००, म्हणून सांडवा ७५० चा. सूत्र सोपं: व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. २८.८ गुणिले २८.८ म्हणजे ८२९, भागिले ७५०, उत्तर १.१ ओहम.

मी अॅल्युमिनियमच्या कवचातले ६.८ ओहमचे, प्रत्येकी ३०० वॅटचे सहा रेझिस्टर समांतर जोडले. एकूण १.१३ ओहम झाले. पूर्ण उघडल्यावर २५ अँपिअर जातो, प्रत्येकाच्या वाट्याला सव्वाशे वॅटही येत नाहीत. एखादा गेला तरी पाच उरतात. छापलेले ३०० वॅट हे उष्णता नीट बाहेर जाईल तेव्हाचे असतात, म्हणून सगळे जाड अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर उष्णतावाहक मलम लावून, विटांच्या भिंतीवर, मध्ये बोटभर हवा ठेवून बसवले आहेत. पुढे जाळी. पावसाळ्यात त्या जाळीसमोर माणसं ओले मोजे वाळत घालायला येतात, त्यांना मी हात जोडून लांब पाठवतो. तिथे काहीही टांगू नका.

तीन गोष्टींपासून लांब राहा.

घरातला पाणी तापवायचा रॉड सांडवा म्हणून जोडायची कल्पना प्रत्येकाला सुचते. २३० व्होल्टचा १५०० वॅटचा रॉड म्हणजे ३५ ओहम. २८.८ व्होल्टवर त्यातून जेमतेम २४ वॅट जातात. धरणाच्या सांडव्याला बोटभर नळी लावल्यासारखं. २४ व्होल्टचा डीसी हीटर वेगळा मिळतो, तो चालेल, पण त्याच्या वाटेत थर्मोस्टॅट नको. पाणी तापलं की थर्मोस्टॅट तोडणार आणि चक्की मोकळी सुटणार.

ट्रकचे २४ व्होल्टचे दिवे चाचणीपुरते ठीक. थंड फिलामेंट सुरुवातीला कितीतरी पट करंट ओढतं, आणि दिवे एकेक करून जातात तेव्हा कुणाचं लक्ष नसतं.

आणि रेझिस्टर बॅटरीच्या खोलीत लावू नका. भरत आलेली शिसे-आम्लाची बॅटरी हायड्रोजन सोडते.

७. जोडणीचा क्रम

चक्कीच्या तीन तारा, मग ब्रेकचा स्विच, मग थ्री-फेज ब्रिज रेक्टिफायर, मग डीसी एमसीबी, मग बॅटरी. कंट्रोलर बॅटरीवर स्वतंत्र तारांनी, आणि सांडवा कंट्रोलरवर. चक्की आणि कंट्रोलर दोघांना एकाच फ्यूजमागे ठेवलं, तर तो उडाल्यावर बॅटरी एका बाजूला आणि चक्की-कंट्रोलर दुसऱ्या बाजूला राहतात, आणि चक्कीचा चढता व्होल्टेज थेट कंट्रोलरवर येतो.

रेक्टिफायरला मोठा हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) द्या. दोन डायोडांत मिळून दीड व्होल्टच्या आसपास जातो, २० अँपिअरला ३० वॅट उष्णता तिथेच होते.

चक्कीच्या वाटेतला एमसीबी कमाल करंटच्या बराच वर आणि तारेच्या क्षमतेच्या आत हवा. माझा ४० अँपिअरचा आहे, तार १६ चौरस मिलिमीटरची. तो शॉर्ट सर्किटसाठी आहे, रोज पडण्यासाठी नाही. पडला तर चक्की मोकळी. म्हणून ब्रेक लावल्याशिवाय एमसीबी कधीही हातानं पाडू नका. हे वाक्य मी पेटीच्या दारावर रंगानं लिहून ठेवलं आहे.

ब्रेक म्हणजे तिन्ही तारा एकत्र जोडणारा जाड संपर्काचा तीन पोलचा स्विच, मनोऱ्याच्या पायथ्याशी, हाताला येईल असा. वाऱ्याच्या भरात लावला तर चक्की थांबण्याऐवजी कॉइली तापतात. झोत ओसरला की लावा. वादळाचा अंदाज असेल तर आदल्या संध्याकाळीच लावून ठेवा.

कंट्रोलर बॅटरीच्या एक-दोन मीटरच्या आत असावा. व्होल्टेज बघायच्या बारीक तारा वेगळ्या असतील तर त्या थेट बॅटरीच्या टर्मिनलवर न्या. वळवाच्या विजांसाठी मनोऱ्याला अर्थिंग आणि रेक्टिफायरच्या आधी सर्ज अरेस्टर, म्हणजे व्होल्टेजचा अचानक उसळा जमिनीत सोडणारा भाग.

८. सेटिंग

२४ व्होल्टच्या ट्युब्युलरसाठी मी २८.८ ला भरणं आणि २७.२ ला फ्लोट (भरल्यावर नुसतं टिकवून ठेवायचा व्होल्टेज) ठेवतो. तुमच्या माहितीपत्रकात वेगळं असेल तर तेच पाळा. तापमानाचा सेन्सर बॅटरीला चिकटवाच. शिसे-आम्लाला दर अंशाला दर सेलमागे ३ ते ५ मिलिव्होल्टचा फरक पडतो. बारा सेल आणि मे ते जुलै पंधरा अंशांचा उतार धरला तर अर्धा ते पाऊण व्होल्ट, कधी त्याहून जास्त.

सोबत सोलर असेल तर त्याला त्याचा वेगळा सोलर कंट्रोलर ठेवा आणि त्याची रेषा सांडव्याच्या थोडी खाली लावा, २८.४ वगैरे. उलटं झालं तर पॅनेलची वीजही सांडव्यात वाहते आणि वारा आला की सांडव्यात जागा उरत नाही.

असाच एक छुपा खड्डा घरच्या इन्व्हर्टरचा. त्याचा चार्जर सांडव्याच्या रेषेपेक्षा वर चार्ज करत असेल, तर महावितरणची वीज बॅटरीतून थेट रेझिस्टरमध्ये जाते. बिल वाढतं, भिंत तापते, आणि दोष चक्कीला जातो. इन्व्हर्टर त्याच बॅटरीवर असेल तर त्याचं मेन चार्जिंग बंद करा किंवा खाली आणा.

९. पाती चढवण्याआधी सांडवा चालवून बघा

याला वारा लागत नाही. बॅटरी भरा, मग कंट्रोलरची रेषा तात्पुरती २५ व्होल्टवर आणा. सांडवा लगेच उघडला पाहिजे. क्लॅम्प मीटरवर २२ अँपिअरच्या आसपास दिसला पाहिजे. काही मिनिटांनी वायरिंग बंद करून प्रत्येक लगला हाताची पाठ जवळ नेऊन बघा. माझ्याकडे सहापैकी एक लग बाकीच्यांपेक्षा चांगलाच गरम लागला. उकलून पाहिला तर क्रिंप अर्धवट होता, तारेच्या चार-पाच काड्याच आत धरलेल्या. चालू वाऱ्यात तो जळला असता. तो बदलून पुन्हा अर्धा तास चालवलं, मग रेषा परत २८.८ वर नेली. ती परत नेली की नाही हे दोनदा बघा.

पाती चढवायला हलक्या वाऱ्याचा दिवस निवडा. बॅटरी आधीच भरलेली ठेवा, म्हणजे सांडव्याची परीक्षा दिवसाउजेडी, तुमच्या डोळ्यांसमोर होते. त्यानंतरची पहिली जोराची रात्र जागून काढा आणि चक्कीचा आवाज ओळखीचा करून घ्या: भार असतानाची भरलेली घरघर, आणि सांडवा उघडतो तेव्हा रेझिस्टरमधून येणारी बारीक गुणगुण. पुढे झोपेतही कान त्यावर राहतो.

दरवर्षी मृग लागायच्या आठवडाभर आधी मी ही २५ व्होल्टची चाचणी पुन्हा करतो, लग घट्ट करतो, जाळीतली कोळिष्टकं काढतो आणि ब्रेकचा स्विच पाच-सहा वेळा वर-खाली करतो. वहीत तारीख आणि क्लॅम्प मीटरचा आकडा लिहितो. आकडा गेल्या वर्षीपेक्षा चार अँपिअरनं कमी दिसला, तर एक रेझिस्टर गेलेला असतो.